आण्णांच्या बंदुकीचा घोडा

घोडा कुठं ठेवलाय हे न सांगताच माझे वडील गेले.

घोडा म्हणजे आमच्या ठासणीच्या बंदुकीचा. चाप ओढला की खाली आपटतो तो लोखंडी तुकडा. तो नसला की बंदुकीची नुसती काठी होते.

आज आण्णांना जाऊन वर्ष झालं.

बंदूक आजोबांची, निजामाच्या काळातली. रीतसर परवान्याची. आण्णांनी तिनं कधी चिमणीसुद्धा मारली नाही.

वर्षातून एकच बार. दसऱ्याला, शिरूर कासारजवळच्या आमच्या गावाच्या वेशीत, नुसत्या दारूचा. तो ऐकल्याशिवाय ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडत नव्हत्या. ट्रॅक्टर भरून, लेकरं वर बसवून थांबायच्या.

इलेक्शन आलं की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. तिथं कुणी उगाच चाप ओढून बघेल, म्हणून आण्णा दर वेळी घोडा काढून घरी लपवायचे. कुठं, ते आईलाही माहीत नसायचं.

गेल्या इलेक्शनलाही काढला. बंदूक परत आली तोवर आण्णा विसरायला लागले होते. आधी घोडा विसरले, मग माझं नाव.

आम्ही घर उपसलं. कोठ्या, देव्हारा, विहिरीवरची मोटारीची पेटी. आण्णा मागं मागं फिरायचे.

"कावून हुडकायलास रे? काय हारवलंय?"

मग नवा घोडा शोधायला लागलो. बीडचा दुकानदार म्हणाला, "सर, हे कंपनीचं न्हाईच, हातकाम हाय. दुसऱ्या बंदुकीचा घोडा हिला बसणार न्हाई." ऑनलाइन ग्रुपवर फोटो टाकला. ढीगभर लाइक आले. एकानं लिहिलं, "भिंतीवर लावा, मस्त दिसेल."

शेवटी हैदराबादचे एक म्हातारे कारागीर फोनवर सापडले.

"जुना घोडा भेजो भाई, उसके माप से नया बना देता."

"चाचा, जुना असता तर तुम्हाला फोन कशाला केला असता?"

"फिर फोटो पे बनाना पडता. टाइम लगता."

दसरा कुणासाठी थांबतो?

आण्णा नवा फेटा बांधून, बिनघोड्याची बंदूक घेऊन वेशीत उभे राहिले. टोळ्या त्यांच्याकडं बघत होत्या. मी चुलतभावाला खूण केली, त्यानं मागच्या बाजूला सुतळी बॉम्ब लावला. ट्रॅक्टर निघाले.

"झाला का बार?"

"झाला ना आण्णा. लई जोरात झाला."

त्यांनी नळी नाकाशी नेली.

"दारूचा वास न्हाई येत."

घरी आले. त्या दिवशी जेवले नाहीत. मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

महिन्याच्या आत गेले.

परवाना त्यांच्या नावावर, तो त्यांच्यासोबतच संपला. बंदूक परत ठाण्यात. वारस म्हणून केलेला माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. "प्रोसेसमध्ये आहे," एवढंच कळतं.

आणि श्रावणात चाचांचं कुरिअर आलं.

घोडा लई देखणा केलाय. पण बसतो का नाही, हे बघायलाही माझ्याकडं बंदूक नाही.

परवा दसऱ्याला तो खिशात घालून वेशीत गेलो. कशाला गेलो, कुणास ठाऊक. सवयीनं टोळ्या थांबल्या होत्या. चुलतभाऊ सुतळी बॉम्ब घेऊन आला, मी त्याला नको म्हणालो.

टोळीचा मुकादम ट्रॅक्टरवरून खाली उतरला. "मास्तर, बार?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग निघू का आमी?"

मी वाटेतून बाजूला झालो.

श्रद्धांजली लिहायला बसलो होतो आण्णा, पण ही माफीच होतेय. मागच्या वर्षी मी तुमच्याशी खोटं बोललो. औंदा खरं सांगतो.

बार झाला नाही, आण्णा.

टोळ्या तशाच गेल्या.