संकष्टीचा लसूण

आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. त्या संकष्टीला मी वडापाव खाल्लाच नव्हता.

तळोज्याच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही प्रथिनांना शेपट्या लावतो. शेपटी म्हणजे मुद्दाम जोडलेला चिमुकला तुकडा. औषध घातलं की पेशीतली सफाई यंत्रणा तो ओळखते आणि अख्खं प्रथिन मोडून टाकते. आमचं प्रथिन हिरवं चमकायचं. चमक विझली की शेपटी पास. माझी शेपटी लांबलचक, पण चालायची. हाताखालच्या साताऱ्याच्या मुलीनं निम्म्या लांबीची बनवली. शेपटी छोटी तेवढी प्रथिनाला अडचण कमी. मला ते जरा झोंबलंच.

तिच्या औषधाची कुपी फ्रीझरमध्ये खोबरेलासारखी गोठायची. तेवढी वितळवून ठेवा सर, म्हणाली. मी सवयीनं शर्टाच्या खिशात ठेवली. झाकण सैल. चहा होईपर्यंत सगळं माझ्या छातीत मुरलं. औषध ज्या द्रवात विरघळवतात तो कातडीतून आत जातो आणि तोंडाला लसणाचा वास मारतो. नवं मागवायचं तर वरच्यांना कारण द्यायला हवं. माझ्या कुपीतही तेच औषध होतं, त्यातलं देता आलं असतं. सुचलं नाही असंही नाही. मी तिच्या कुपीत नुसता द्रव भरून ठेवला.

सानपाड्याला घरी पोचलो. दार उघडताच बायको म्हणाली, "अहो, उपास ना आज? लसूण कुठे खाल्लात?"

मी मान खाली घालून म्हणालो, वडापाव. खरं वाटावं म्हणून दोन सांगितले. तेव्हापासून दर संकष्टीला ती माझं तोंड हुंगून मगच ताट वाढते.

इकडे मुलीच्या पेशी औषध घालूनही दिवाळीच्या माळेसारख्या चमकत राहिल्या. दसऱ्याला तिनं सूक्ष्मदर्शकाला झेंडूचा हार घातला, तरी तेच. शेवटी म्हणाली, "सर, तुमचीच शेपटी बरी. माझीला अक्कलच नाही."

"होतं असं," मी म्हणालो.

तिनं ते काम सोडलं आणि एका कंपनीत गोळ्या तपासायच्या नोकरीला लागली.

परवा पेशी गोठवून ठेवायची टाकी आवरताना तिच्या जुन्या पेशी सापडल्या. वाढवल्या, खरं औषध घातलं. दुपारचा चहा पिऊन आलो तर चमक विझून पडदा काळा. माझ्या शेपटीला एवढ्यासाठी संध्याकाळ होते.

बायकोला वडापावचं आज सांगेन. त्या मुलीला मात्र अजून फोन केलेला नाही. तिची शेपटी बरोबर होती, कुपी मी बिघडवली होती, हे तिला आणि वरच्यांना सांगायचं देणं मी लागतो.