पेल्याचे कान

पीएचडीच्या चौथ्या वर्षी माझ्या संगणकातला पितळी पेला अगदी सुरेख झाला होता. पत्रा दाबला की तो कायमचा कसा वाकतो, हे मी तीन पातळ्यांवर मांडलं होतं. सगळ्यांत खाली एकेका स्फटिकात घसरणारे अणूंचे थर, त्यावर असे हजारो स्फटिक, म्हणजे कण, एकमेकांना चिकटलेले, आणि वर अख्खा पत्रा. पेल्याची कड एकसारखी सपाट आली होती.

पुण्याचे माझे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, "छान. आता खरा करून दाखवा." माझं तंजावरी मराठी ऐकून ते नेहमीसारखे हसलेही.

अप्पा, माझे वडील, गणिताचे निवृत्त मास्तर. "कुंभकोणमात राहून पेला संगणकात करणारी तू एकटीच," म्हणाले, आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. चोळपुरमच्या वाटेवर भांड्यांचा एक छोटा कारखाना होता. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराला मी तमिळमध्ये सगळं समजावलं. त्यानं पत्र्याची गोल चकती प्रेसमध्ये ठेवली आणि दाबली.

पेला बाहेर आला. कडेला चार ठिकाणी उंचवटे, मध्ये खळगे.

"बिघडला," मी म्हटलं.

"बिघडला कसला, अम्मा? हे कान. येतातच. आम्ही लेथवर कापून टाकतो."

"पण का येतात?"

"ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगायचं. मला एवढं ठाऊक, पत्रा लाटून आणलेला असला की येतात."

माझ्या गणितात प्रत्येक कणाचं तोंड वाटेल त्या दिशेला होतं. पत्रा लाटताना ते कण वळतात, पुष्कळसे ठरावीक दिशांना तोंड करतात, मग पत्रा सगळीकडे सारखा ताणला जात नाही. हे मी दुसऱ्या वर्षी वाचलं होतं. सोपं पडावं म्हणून सोडून दिलं होतं. अप्पांना तसं सांगितलं.

"चार वर्षं?" अप्पांनी आमच्या मराठीत हळूच विचारलं.

"अप्पा, पुरे."

"मी काय म्हटलं ग?"

घरी येऊन सगळ्या कणांची तोंडं पुन्हा मांडली. गणित दोन दिवस चाललं. संगणकाचा पंखा घरघरत इतकी गरम हवा सोडत होता, की आईनं त्या खोलीत पापड वाळत घातले. तिसऱ्या सकाळी पेल्याला चार कान आले, अगदी जागच्या जागी. मी आनंदानं ओरडले.

चित्र छापून कारागिराकडे नेलं. त्यानं चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

"आलेत," तो म्हणाला. "पण जरा आखूड आहेत."

मोजून पाहिलं. आखूडच होते.