अभ्यासक्रमातली चौथी ओळ

उत्तनच्या पास्कू मुनीसने उभ्या आयुष्यात सात ओळी लिहिल्या. एरवी तो सही करायचा, मोजमापाचे आकडे मांडायचा, चर्चमध्ये कुणाच्या लग्नाला साक्षीदार म्हणून वहीत नाव घालायचा. पण स्वतःच्या डोक्यातलं कागदावर उतरवायची पाळी त्याच्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी आली. त्या सातांतल्या सहा ओळी मंजूर झाल्या. चौथी खोडली गेली, आणि नेमकी तीच खरी कामाची होती.

पास्कूचा बाप मच्छीमार. पोरगाही दर्यावर जायचा, पण किनारा दिसेनासा झाला की ह्याच्या पोटातली आतडी वर यायची. दोन वर्षं बापाने वाट पाहिली, मग कपाळावर हात मारून त्याला भाईंदरच्या एका मुकादमाच्या हाताखाली लावून दिलं. मुकादम खाडीचे बांध घालायचा. मिठागरांचे बांध, खारजमिनीचे बांध, पाणी सोडायच्या उघाड्या. सोळाव्या वर्षी पास्कूने चिखलाची पहिली पाटी उचलली, ती पुढं स्वतः मुकादम झाला तरी पंचवीस वर्षं खाली ठेवली नाही. चिखल अंगठ्याने दाबून तो सांगायचा, हा धरेल, हा फसवेल.

त्याच्या घरात येशूच्या तसबिरीशेजारी खिळ्याला पंचांग टांगलेलं असे. पाद्रीबाबा एकदा घराला आशीर्वाद द्यायला आले आणि ते बघून दारातच थबकले.

"पास्कू, हे काय?"

"पाण्याचा हिशेब हाय, फादर."

"ख्रिस्तावाच्या घरात अमावस्या-पौर्णिमा?"

पास्कूची बायको गर्ट्रूड आतून म्हणाली, "फादर, तुमी दर्याला बाप्तिस्मा द्या, मंग आमी पंचांग काढून टाकतो."

हसण्यावारी गेलं ते. पण हिशेब खरा होता. अमावस्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास ते मवाळ होतं, त्याला भांग म्हणतात. बांध दोन्ही बाजूंनी घालत आणायचा, मधे दहाबारा फुटांचं तोंड उघडं ठेवायचं, भरती-ओहोटीला त्यातून जाऊ-येऊ द्यायचं. आणि भांग लागली की सगळी माणसं एकदम लावून ते तोंड बांधून टाकायचं. उधाणात तोंड बांधलं तर अडलेलं पाणी कोवळ्या चिखलावर चढतं आणि बांध घेऊन जातं. खारं पाणी शेतात शिरलं की तीन वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उभी राहत नाही. हे काठावरच्या कुठल्याही म्हातारीला ठाऊक होतं. कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

सन छत्तीसमध्ये टिपणीस नावाच्या एका पदवीधर इंजिनीअरने भाईंदरला मिठाच्या रिकाम्या गोदामात ओव्हरसियरचा वर्ग काढला. माणूस धडपड्या. आसपासच्या गावांतली पोरं, सातवी-मॅट्रिकपर्यंत शिकलेली, त्याने गोळा केली. मोजणी, नकाशे, अंदाजपत्रक तो स्वतः शिकवायचा. एकदा त्याने पास्कूला बांधावर काम करताना बघितलं आणि तिथंच म्हणाला, "उद्यापासून वर्गावर या. पोरांना हे शिकवा."

"मला इंग्रजी न्हाय येत, सर."

"चिखलाला येतं का?"

अशा रीतीने चिखल तुडवणारा पास्कू मास्तर झाला. बाकावर बसवून त्याने कधी शिकवलं नाही. पोरांना घेऊन तो खाडीवर जायचा, गुडघाभर चिखलात उभं करायचा. राई गावचा गोवर्धन पाटील हा त्याचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. शेतकऱ्याचा मुलगा, हिशेबाला पक्का आणि तोंडाचा फाटका. "मास्तर, ह्ये तं आमचा बापूस फुकट शिकवतं. त्याच्यासाठी वर्गात कशाला घातलं मला?" असं तो चिखलात उभा राहून विचारायचा आणि सगळा वर्ग हसायचा. पास्कूही हसायचा.

पण वर्गाला मान्यता नव्हती. मान्यता नाही तर दाखल्याला किंमत नाही, आणि दाखल्याशिवाय सरकारी कामावर कुणी पोरांना उभं करत नव्हतं. टिपणीसांनी परीक्षा मंडळाकडे अर्ज केला. मंडळाने विचारलं, प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम काय? तेव्हा पास्कूने त्या सात ओळी लिहिल्या. एका ओळीला एक संध्याकाळ लागली. चौथी अशी होती: 'बांधाचे तोंड अष्टमी ते दशमी या भांगेच्या दिवसांतच बांधावे, उधाणात कधीही बांधू नये.'

टिपणीस भाषांतर करताना अडले. "तिथी कशाला, मुनीस? तारीख लिहू या."

"तारखेला पाणी कुठं ऐकतं, सर?"

टिपणीसांनी मान हलवली आणि तिथीच ठेवली. पास्कूने केलेली एवढीच चूक. सरकारी कागदात त्याने पंचांग घातलं. त्याच्या लेखी ते भरतीचं कोष्टक होतं. साहेबाच्या डोळ्यांना ते काय दिसेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

तपासणीची तारीख आली पाच एप्रिल एकोणचाळीस. पास्कूने घरी येऊन पंचांग उघडलं. चैत्र पौर्णिमेचा दुसरा दिवस. पोरांनी एका ओहोळावर साठ फुटांचा सरावाचा बांध घातला होता आणि त्याचं तोंड अजून उघडं होतं.

"सर, आठ दिवस पुढं ढकला. भांगेत आले तर पोरं त्यांच्या डोळ्यांदेखत तोंड बांधून दाखवतील."

"शुक्रवारपासून गुड फ्रायडेची सुट्टी लागते. त्याआधी त्यांना उरकायचंय. आपण त्यांना वार सांगायचे का?"

"मंग उघडं तोंड दाखवू. का उघडं हाय, ते मी सांगतो."

टिपणीस कागद आवरायला लागले. पास्कूला वाटलं, पटलं.

त्या दिवशी सकाळी आठला तो भाईंदरला पोचला तर बांध सलग. पहाटेच्या ओहोटीत टिपणीसांनी वीस मजूर लावून तोंड बुजवून घेतलं होतं. वरून फावड्याने असं गुळगुळीत केलं होतं की दिवाळीची चूल सारवल्यासारखं दिसत होतं.

"सर, काय केलंत हे?"

"अपुरं काम दाखवून मान्यता मिळत नाही, मुनीस. तीन वर्षं अठ्ठावीस पोरं थांबलीत."

"दुपारी एकला पाणी भरेल. बांध जाईल."

"साहेब बारा वाजताच्या गाडीने जातील."

हा माणूस अडाणी असता तर पास्कूला इतकं लागलं नसतं. टिपणीसांना सगळं कळत होतं, घड्याळासकट.

नऊ वाजता दोन तपासनीस आले. थोरला बुटाला चिखल लागू नये म्हणून फळीवर उभा राहिला. बांध बघून तो खूश झाला. काम सरळ, उतार बरोबर, माथा एका पातळीत. त्याने टिपणीसांकडून बांधाचा नकाशा मागून घेतला. मग सात ओळींचा कागद काढला आणि चौथीवर त्याचं बोट थांबलं.

"हे काय? अष्टमी, दशमी? हा इंजिनीअरिंगचा वर्ग आहे की मुहूर्त काढायचा?"

धाकटा तपासनीस हसला. टिपणीसही हसले, किंचित. तेवढं हसू पास्कू जन्मभर विसरला नाही.

"साहेब," तो पुढं होऊन म्हणाला, "ते मुहूर्ताचं न्हाय. पाण्याचं हाय. तुमी एक वाजेपर्यंत थांबा, मी दाखवतो."

"आपण कोण?"

"हा विषय मी शिकवतो."

"आपला डिप्लोमा?"

"न्हाय."

"पदवी?"

पास्कूने आपले दोन्ही हात बघितले. नखांत चिखल होता. साहेबाने ते पाहिलं, आणि शिसपेन्सिलीने चौथ्या ओळीवर आडवी रेघ ओढली. मग तिथंच उभ्या उभ्या त्याने नवीन लिहिलं: 'तोंड ओहोटीच्या वेळी बांधावे.' वाक्य चुकीचं नव्हतं. अर्धं होतं, म्हणून जास्त वाईट.

बारा वाजता ते गेले. पाऊण वाजता पाणी बांधाच्या माथ्याला लागलं, एकला बुजवलेल्या तोंडाला तडा गेला, आणि सव्वाच्या सुमाराला साठ फुटांतले चाळीस फूट ओहोळात वाहून गेले. अठ्ठावीस पोरं काठावर उभी होती. कुणी हसलं नाही. पास्कू म्हणाला, "बघा. नीट बघून घ्या. ह्याच्यावर परीक्षेत प्रश्न येणार न्हाय."

टिपणीसांनी मंडळाला पत्र लिहावं, बांध गेला असं कळवावं, एवढंच त्याने मागितलं. टिपणीस म्हणाले, "मान्यता हातात येऊ द्या, मग लिहितो." जूनमध्ये मान्यता आली. सोबत अभ्यासक्रम छापून आला, दुरुस्त चौथ्या ओळीसकट, आणि नमुना म्हणून त्या बांधाचा नकाशा जोडलेला. खाली अट होती: दाखला नसलेल्या कुणीही विषय शिकवू नये. पत्र लिहिलं गेलं नाही. टिपणीसांनी पास्कूला मोजणीची साखळी आणि बाकी अवजारं सांभाळायचं काम देऊ केलं.

गर्ट्रूड म्हणाली, "नका जाऊ. बांधावर तुमी मुकादम होता, तिथं मान होता."

"पोरं हायत तिथं."

"पोरं आता दुसऱ्याची हायत."

तरी तो गेला. नवे शिक्षक पदवीधर होते, सज्जन होते, खाडीला घाबरत होते. ते फळ्यावर तो नकाशा काढायचे. पास्कू मागे अवजारं पुसत उभा राहायचा.

चाळीसच्या मार्चमध्ये परीक्षा आली. आदल्या दिवशी गोवर्धन अवजारांच्या खोलीत आला.

"मास्तर, तोंड बांधायची वेळ विचारली तं काय लिवू?"

पास्कूच्या हातात साखळी होती. त्याने तिची एक कडी सरळ केली. खरं लिही म्हणावं, तर पोराचे गुण जाणार. तीन अधिक एक, चार वर्षं बापाने शेतातला एक हात कमी करून ह्याला इथं ठेवला होता.

"पुस्तकात हाय ते लिही," तो म्हणाला.

"खोटं?"

"पास हो आधी."

गोवर्धन पहिला आला. सरकारी कामावर लागला. जाताना पास्कूच्या पाया पडला. पास्कूने त्याच वर्षी साखळी खाली ठेवली आणि परत मुकादमाच्या कामावर गेला. लढाईच्या वर्षांत बांधाची कामं कमी झाली, तब्येतही उतरली. मग तो उत्तनला घरीच असायचा, कुणी विचारायला आलं तर सांगायचा.

सन शेहेचाळीसच्या मे महिन्यात राईचे दोन शेतकरी आले. राईच्या खारजमिनीला नवा सरकारी बांध होत होता आणि सोळा तारखेला त्याचं तोंड बांधायचं ठरलं होतं. पास्कूने पंचांग न बघताच विचारलं, "पौर्णिमेला? कोण हाय कामावर?"

"आपलाच गोवर्धन. म्हणून तं तुमच्याकडं आलो. आमचं आयकत न्हाय."

सोळा तारखेला बैलगाडीत बसून पास्कू राईला पोचला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. ओहोटी होती. मजूर तोंडात बांबू ठोकत होते. गोवर्धन डोक्यावर टोपी, हातात कागद घेऊन उभा होता. अंगाने भरला होता, बोलणं शहरी झालं होतं.

"या मास्तर. एवढ्या सकाळी कशाला आलात?"

"गोवर्धन, आज पौर्णिमा हाय."

"माहीत आहे."

"मंग?"

"मंजूर वेळापत्रकात सोळा तारीख आहे. पावसाआधी काम संपायला हवं. आणि पद्धत बघा, ओहोटीत बांधतोय. नियमाला धरून आहे."

"तुझ्या बापाला विचार."

"बापाचंच ऐकायचं होतं तर ओव्हरसियर कशाला झालो असतो?" तो म्हणाला. मजूर हसले. मग आवाज खाली आला आणि त्याची जुनी बोली वर आली. "मास्तर, मला समदं कळतं. पन आठ दिस थांबलो तं कारण लिवायला लागल. काय लिवू? अष्टमी? वरचा साहेब माझी टोपी काढून घेल. आन् नियमानं बांधून बांध ग्येला तं कोन मला विचारनार न्हाय."

"शेतं तुझीच हायत."

"हायत."

"मी तुला हे शिकवलं?"

गोवर्धनने कागदाची घडी घातली. "तुमीच शिकवलंत. पुस्तकात हाय ते लिही, म्हनलात."

"लिही म्हटलं. कर न्हाय म्हटलं."

"येक लिवायचं आन् येक करायचं, ह्ये दोन्ही जमनारा मानूस तुमी कुठं बघितलाय, मास्तर?"

पास्कूला टिपणीस आठवले. त्यांनाही ते जमलं नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही नाही. साखळी हातात घेऊन तो जे बोलला होता, ते एका पोराच्या गुणांसाठी, असं त्याने सहा वर्षं स्वतःला सांगितलं होतं. साहेबाने ओळ पेन्सिलीने खोडली होती. त्या रेघेवर शाई पास्कूने स्वतः फिरवली होती.

दुपारी पाणी आलं. साडेबाराला बांध ओला झाला, एकला फुटला. राईच्या शेतांत पाणी पसरत गेलं, बांधाबांधांवरून, कुणाच्या सांगण्याची वाट न बघता. गोवर्धनचा म्हातारा बाप शेताच्या बांधावर बसून राहिला. गोवर्धन घड्याळात बघून वहीत वेळ टिपत होता. कारणाच्या रकान्यात त्याने 'माती निकृष्ट' असं लिहिलं.

शेतकरी पास्कूभोवती जमले. "आता कधी बांधायचं, मास्तर?"

"नवमीला."

"तवर?"

"तवर पाणी येल आन् जाईल," पास्कू म्हणाला, आणि गाडीकडे चालू लागला.