भोकरदनच्या भिंतीवर समुद्राचा दाब

आधीच कबूल करते, इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी चुका काढायला वाचते. कुणाला पांढरी साडी दिसली की माझे प्रश्न सुरू – अंतर किती होतं, उजेड किती होता, चष्मा लावला होता का? आमचं घर बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशी अंगारे-उतारे जे घराबाहेर गेले ते पुन्हा उंबऱ्याच्या आत आले नाहीत. त्यात मी शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. मुलं माझ्यामागे म्हणतात, मॅडमला भूत भेटलं तर भुतालाच पाच मार्कांचं उत्तर लिहावं लागेल. तर अशा बाईचा हा अनुभव आहे. दोन वर्षं होत आली, त्यातली चूक मला अजून सापडलेली नाही.

भोकरदन म्हणजे जालना जिल्ह्याचा उत्तरेकडचा तालुका. इथून समुद्र सरळ रेषेत धरला तरी तीनशेएक किलोमीटर लांब. बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आमची शाळा, आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर पितळी कडं असलेला एक जुना वायुदाबमापक. मुलं त्याला दाबाचं घड्याळ म्हणतात. आत हवाबंद पत्र्याची डबी असते, बाहेरच्या हवेचा दाब बदलला की ती दबते-फुगते आणि सुई सरकते. बस, एवढंच यंत्र. भोकरदन उंचावर असल्यामुळे आकडा समुद्रसपाटीला धरून जुळवावा लागतो. ते मी केलं होतं आणि मागच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकून तो पक्का केला होता... कारण आठवीचा वर्ग. रोज प्रार्थनेनंतर हेच आठवीवाले आकडा वाचतात आणि बाहेरच्या फळ्यावर लिहितात – तापमान, दाब, ढग.

माझा धाकटा भाऊ संघपाल, घरात संघा. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये वेल्डिंग शिकला आणि मग एका ठेकेदाराबरोबर सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जेट्टीच्या कामाला गेला. आपल्याकडचे अकरा जण त्याच्या हाताखाली. बाराही जण समुद्राला अगदी लागून पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे.

दिवाळीच्या सुट्ट्या आठवड्यावर आल्या होत्या आणि अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. त्याचं वादळ होणार आणि ते संघाच्याच बाजूला जाणार, हे हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये लवकरच स्पष्ट झालं. वादळ कुठे जाईल हे आता बऱ्यापैकी आधी सांगता येतं. ते किती जोर धरेल, हे सांगणं मात्र फार अवघड – समुद्राचं पाणी खोलवर किती तापलंय, वरचे वारे किती आडवे आहेत, अशा दहा गोष्टी असतात आणि कधी कधी वादळ काही तासांत भलतंच वाढतं. ते किती वाढलंय हे समजायची एक खूण म्हणजे त्याच्या मध्यभागाचा दाब. दाब जितका कमी, तितकं वादळ वाईट. म्हणून मी प्रत्येक बुलेटिनमधला तो आकडा वहीत उतरवत होते. बहिणीला दुसरं काय करता येणार इथे बसून?

सोमवारी फळ्यावर दाब लिहिला होता १००४. आदल्या आठवडाभर १०११-१२ होता. मी आठवीला झापलं, "सुई नीट वाचा रे!" मंगळवारी १०००. मग मी स्वतः वाचला. १०००च. घड्याळ बिघडलं म्हणून मागचा स्क्रू बघितला, तर नेलपॉलिशचा थेंब जसाच्या तसा. बुधवारी सकाळी ९९६! बाहेर निळंशार आभाळ, शेजारच्या शेतात सोयाबीनचं मळणीयंत्र चालू, वाऱ्याचा पत्ता नाही. एवढा दाब खरंच भोकरदनला उतरला असता तर आमच्या शाळेवर पत्रे राहिले नसते.

स्टाफरूममध्ये गणिताचे गावंडे सर माझ्या वहीत डोकावले. भला माणूस, पण परीक्षेच्या पेपरच्या गठ्ठ्यालासुद्धा हळद-कुंकू लावणारा.

"मॅडम, फळ्यावरचे आकडे वहीत कशाला उतरवून राह्यल्या?"

"ते फळ्यावरचे नाहीत सर. वादळाचे आहेत."

मी उठून फळ्यावरच्या आकड्यांचं रजिस्टर आणलं. सोमवार, मंगळवार, बुधवार... त्या त्या सकाळच्या बुलेटिनमधला मध्यभागाचा दाब आणि आमच्या भिंतीवरचा दाब, दोन्ही एक.

"नारळ फोडू का?" सर हळूच म्हणाले.

"फोडा. चटणी करू."

पण हसू काही आलं नाही कुणाला. मग आम्ही दोघांनी एकही तास न बुडवता, मधल्या सुट्टीत आणि ऑफ तासाला, सुचतील तेवढे प्रयोग केले. सरांच्या मोबाईलमध्ये दाब मोजायची सोय आहे. तो आपला पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सकाळी थोडा वर, दुपारी थोडा खाली, अगदी शहाण्यासारखा वागत होता. घड्याळ भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं, फरक नाही. मग गच्चीवर नेलं. दहा मीटर वर चढलं की सुई एक मिलिबार तरी खाली यायलाच हवी. सरांच्या मोबाईलवर आकडा बरोबर उतरला. आमची सुई हललीसुद्धा नाही. घड्याळ माझ्या हातात होतं, पण ते भोकरदनची हवा मोजतच नव्हतं.

खरं सांगते, इथपर्यंत मला मजा वाटत होती. इतकं विचित्र काही आयुष्यात पहिल्यांदा हातात आलं होतं, आणि मला ते उलगडायचं होतं.

दुपारी अडीच वाजता सुई ९९१ वर गेली. बुलेटिनमध्ये अजून ९९६ होतं आणि वादळ मध्यमच राहील असा अंदाज होता. म्हणजे आता दोन आकडे फुटले. मी सरांना म्हटलं, बघा, योगायोग संपला. सव्वातीनला ९८६. चार वाजता ९८१. शाळा सुटली, पोरं ओरडत घरी गेली, आणि माझ्या एकदम डोक्यात आलं... की घड्याळ बुलेटिनच्या मागे नाही, पुढे चाललंय. ९८१ म्हणजे अतितीव्र वादळ. त्यात पत्र्याची शेड टिकत नाही. मला भीती वाटली.

संघाला फोन लावला.

"जय भीम ताई! जेवली का?"

"संघा, तुम्ही कुठे आहात?"

"शेडवरच. ठेकेदार म्हणला, मध्यम वादळ हाय, शेड दोऱ्यांनी बांधा आन मालावर ध्यान ठिवा. बांधून राह्यलो. बिलकुल टेन्शन घेऊ नको."

आता त्याला काय सांगणार? शाळेतलं घड्याळ म्हणतंय म्हणून अकरा माणसं घेऊन निघ? ठेकेदार त्याला हसला असता. मीच हसले असते. माझ्यासमोर गावंडे सर उभे होते, आणि त्यांच्या देखत मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं.

"नवीन बुलेटिन आलंय," मी म्हणाले. "वादळ एकदम वाढलंय. दीडशेचा वारा सांगतायत. सगळ्यांना घेऊन आत्ता निघ."

"नवीन? कवा आलं?"

"आत्ता."

मागे हातोड्याचे आवाज येत होते.

"बरं," तो म्हणाला. "निघतो मंग."

मी फोन ठेवला. वादळ आलं नाही तर? त्याचं काम जाईल, अकरा जणांपुढे त्याची लाज जाईल, आणि हे सगळं मी हवामान खात्याच्या नावावर खपवलं होतं. मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले, पुरावा नसेल तर बोलू नका. पुरावा म्हणून माझ्याकडे एक सुई होती, आणि ती काय मोजतेय हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी बुलेटिन आलं. वादळाने अचानक जोर धरला होता. मध्यभागाचा अंदाजे दाब ९८०. मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि रडले.

वादळ पहाटे किनाऱ्यावर आलं. बाराही जण तीन किलोमीटर आत, उंचावरच्या एका गावच्या शाळेत होते. दुसऱ्या दिवशी संघाने फोटो पाठवला. शेड जिथे होती तिथे वाळू होती, आणि वाळूतून वर आलेली एक वाकडी सळई.

इकडे वादळ जमिनीवर येऊन विरत गेलं तशी सुईही वर सरकत गेली आणि शनिवारी १०११ वर येऊन बसली. पुढे मी ते घड्याळ जालन्याला एका जुन्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी उघडून बघितलं आणि "एकदम बराबर हाय" म्हणून परत दिलं. त्यानंतर अरबी समुद्रात जेव्हा जेव्हा वादळ झालं, तेव्हा मी वही घेऊन त्याच्यासमोर बसले. सुईने फक्त भोकरदनचा दाब दाखवला. गावंडे सरांनी मला न विचारता एकदा त्याला हारही घातला, तरी नाही.

मागच्या महिन्यात संघा घरी आला होता. पुन्हा किनाऱ्यावरचंच काम मिळालंय म्हणाला. आईने जाऊ नको म्हणून जेवण सोडलं, तर हा तिला हसत सांगतो, "ताईचं सायन्स हाय ना आपल्याकं!" ते ऐकून मला राहवेना. खोट्या भरवशावर त्याला पाठवायचं नव्हतं. मी दोघांसमोर सगळं सांगून टाकलं – घड्याळ, गच्ची, ९८१, आणि ते बुलेटिन मी बनवून सांगितलं होतं, हेही.

संघा चहा पीत राहिला.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "मीबी मोबाईलवर बुलेटिन बघून राह्यल्तो. त्याच्यात तसं काहीच नव्हतं."

"मग निघालास कशाला?"

"तू कधी खोटं बोलत न्हाईस ताई. मला वाटलं, ताई खोटं बोलून राह्यली, म्हंजे कायतरी लई मोठं असंल."

आता तो पुन्हा समुद्राकाठी आहे. सुईचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर खाली जरूर लिहा, मी चुका काढेन पण वाचेन. हल्ली समुद्रात काही हललं की मी संघाला बुलेटिन शब्द न शब्द वाचून दाखवते. तो शांतपणे ऐकून घेतो आणि मग विचारतो, "हे झालं त्यांचं. तुला काय वाटून राह्यलं?"