उस्तिन्याचा क्रूस

सव्वाती येर्मोलायेविच आरमारात वीस वर्षं घासला, तरी जेवायला बसताना त्याची खुर्ची दारापाशीच. बाकीचे अधिकारी जमीनदारांची पोरं, हा मासेमाराचा. श्वेत समुद्राच्या काठावर लापीनो गाव, तिथं बापाच्या होडीत बसून दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली मोजायला शिकलेला. एका अधिकाऱ्यानं ते बघितलं आणि क्रोनश्टाटच्या आरमारी शाळेत घातला. तेव्हापासून तो गलबताचा वाटाड्या. वाट चुकू द्यायची नाही, नकाशे काढायचे, आणि वाहवा दुसऱ्यांनी घ्यायची.

बोली मात्र त्यानं सोडली नाही. कुणी हसलं की म्हणायचा, "समुद्राला शुद्ध बोललेलं कळत न्हाई, साहेब."

त्या उन्हाळ्यात मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. किनाऱ्याचा नवा नकाशा नीट उतरला की त्याला कप्तानकी मिळणार होती. मासेमाराच्या पोराला कप्तानकी! बाप असता तर गावभर मिशा पिळत फिरला असता.

नकाशाचं शेवटचं ठाणं त्याचंच गाव. लापीनोच्या खाडीत शिरायचं तर देवळाचं घंटाघर आणि टेकाडावरचा उंच लाकडी क्रूस एका रेषेत धरायचे. त्या मुलखात कोळी असे क्रूस उभारतात. कुणी नवसाचा, कुणी जीव वाचल्याचा. होड्या त्यांच्याच खुणेवर येतात. सव्वातीला ही रेष दुधाच्या दातांपासून ठाऊक.

"सापडली का रेष?" गलबताचा कप्तान अर्कादी पाव्लोविच म्हणाला.

"धरली, साहेब. डोळं झाकून चला."

आणि गलबत रेतीवर चढलं! चहाचा समोवार आडवा झाला, स्वैपाक्यानं सगळ्या संतांचा उद्धार केला. पाणी ओसरत होतं. गलबत कुशीवर कलंडून बसलं. गावच्या होड्या धावल्या. पहिल्या होडीत वल्हं मारत त्याची बायको उस्तिन्या.

"अवं, डोळं हाईत का भोकं?" ती खालूनच ओरडली. "जुना क्रूस हिवाळ्यात वादळानं पडला! ह्यो माझा हाय, नवसाचा. तुमी धड घरी यावं म्हणून म्या उभा केला!"

"शंभर पावलं बाजूला?"

"वर टेकाडावर खडक. माझ्या कुदळीला तिथं खड्डा पडतोय व्हय?"

शिवाय तिनं क्रूसाला डांबरही फासलेलं, कुजू नये म्हणून. लांबून तो हुबेहूब जुन्यासारखा दिसत होता.

भरती आली, गलबत न मोडता सुटलं. पण गलबताची नोंदवही समोर आली. अर्कादी पाव्लोविच माणूस वाईट नव्हता. उस्तिन्याचं ओरडणं वाऱ्यात विरलेलं. त्याच्या कानी एवढंच पडलं, की खूण बदलली आहे.

"सव्वाती येर्मोलायेविच, तो क्रूस कुणी उभा केला त्याचं नाव लिहा. दोष त्याच्यावर जाईल, तुमची कप्तानकी वाचेल. तो क्रूस उद्याच तोडून टाकू."

सव्वातीनं लेखणी शाईत बुडवली, झटकली, परत बुडवली. मग लिहिलं: रेष धरण्यात माझी चूक झाली.

"तुमची? वीस वर्षांत?"

"पयलीच, साहेब. गाव दिसलं की मानूस येडा व्हतो."

कप्तानकी तिथंच हातची गेली. त्या रात्री घरी उस्तिन्यानं मासे भरलेली गरम पोळी पुढं ठेवली.

"झालायसा का कप्तान?"

"न्हाई."

"माझ्यापायी?"

"रेतीपायी."

"खोटं बोलायला बी आरमारातच शिकलायसा जनू." ती उठली, कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. "तोडून टाकते त्यो क्रूस."

"नवस फिटला का?"

"फिटला की. समोर बसून गिळतायसा न्हवं?"

"मग कुऱ्हाड ठेव. पहार काढ, दोर काढ. नवसाचं लाकूड तोडायचं न्हाई, हलवायचं."

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव टेकाडावर. खडक फोडायलाच दुपार झाली. सव्वाती खाली होडीत होकायंत्र धरून उभा, घसा फाटेस्तोवर ओरडत: "डावीकडं! आनि थोडं डावीकडं!"

"डावं म्हंजी तुमचं का आमचं?" वरून उस्तिन्याचा आवाज.

"माझं! रेष मी धरतोय!"

"काल बी तुमीच धरली व्हती!"

टेकाडावर हशा पिकला. सव्वातीही हसला, आणि हात वर करून त्यानं क्रूस रोवायला सांगितलं.