शकुनबाईचा उजवा पाय

आसगावात धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायांच्या टोळ्या ठरतात. त्यातली एक टोळी शकुनबाई हटवारची होती. कुणाच्या शेतात, कोणत्या बांधीत कधी जायचं हे तीच ठरवायची. धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, हातात घेऊन ती रोवत रोवत मागे सरकू लागली की तिच्या बरोबरीनं राहणं टोळीतल्या तरण्या पोरींनाही जड जायचं.

तिचा उजवा पाय पहिल्यांदा भरून आला, तेव्हा चिखलात काही लागलं असेल असं तिला वाटलं. थंडी वाजून ताप आला, जांघेत गाठ आली, पाय लालबुंद झाला. ताप उतरला, पण सूज पूर्ण उतरली नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तसंच झालं, आणि दरवेळी थोडी सूज मागे राहत गेली. हा हत्तीपाय आहे हे गावात सगळ्यांना कळत होतं. तिच्यासमोर मात्र लोक ‘पाय जड झाला’ एवढंच म्हणायचे. नवरा टिकाराम बाजारातून दोन मापांचे दोन जोड आणायचा. एकेक चप्पल ती घालायची, उरलेल्या दोन पडवीत पडून राहायच्या.

रोवणी सुटली. टोळी दुसरीच्या हाती गेली. घोट्यावरच्या वळ्यांत ओल राहून वास यायचा. तो तिला स्वतःलाच यायचा, म्हणून ती चौघींत बसेनाशी झाली.

अशात एका मोठ्या वैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन पथक तालुक्यात आलं. डॉक्टर भुपेंद्र रहांगडाले हे त्याचे प्रमुख, आणि गावोगाव फिरणारी नर्स होती कामिनी. शाळेच्या वर्गात हत्तीपायाच्या रुग्णांना बसवून डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. डास चावल्यानं अंगात जाणारे जंतू मुळाशी असतात. सूज एकदा आली की ती उतरवणारं औषध अजून हाती नाही. एक जुनंच औषध या कामी येईल असं काही ठिकाणी दिसलं होतं, ते खरं की नाही हे तपासायचं होतं.

“निम्म्यांना औषधाच्या गोळ्या मिळतील, निम्म्यांना साखरेच्या,” डॉक्टर म्हणाले. “दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला कोणती हे मलाही माहीत नसणार.”

“तुमालेच मालूम नाई, त मंग कोणाले मालूम?” शकुनबाईनं विचारलं.

“विद्यापीठात एक जण आहेत. ते इकडे येणार नाहीत.”

“आन मले साखरेची भेटली त?”

“भेटू शकते, मावशी. पण पाय कसा सांभाळायचा ते सगळ्यांनाच शिकवू, आणि ताप आला तर औषध सगळ्यांनाच देऊ. मधेच सोडावंसं वाटलं तर सोडता येईल.”

घरी टिकाराम म्हणाला, “ते आपल्यावर प्रयोग करून राहिले.”

“करू दे. तसाई हा पाय कोणाच्या कामाचा नाई,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सही करून आली.

कामिनीनं घरी येऊन पाय धुवायला शिकवलं. साबण लावून हलक्या हातानं धुवायचा, बोटांच्या फटी आणि वळ्या कापडानं टिपून कोरड्या करायच्या, चीर दिसली तर मलम लावायचं, झोपताना पाय उंचावर ठेवायचा. बारीक चिरांतून आत जाणारी घाण हेच त्या तापाचं कारण, असं ती पुन्हा पुन्हा सांगायची. शकुनबाईला वाकून बोटांपर्यंत पोचता येईना. तेव्हा सून रीता पुढे येऊन बसली. मुलगा वीरेंद्र बुटीबोरीच्या कारखान्यात होता, आणि रीता त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन घरात आली होती.

शकुनबाईनं पाय ओढून घेतला. “तू नोको. नवी पोरगी तू.”

“मी नाई, त कोण आई? मामाजी?”

टिकाराम उठून गोठ्याकडे गेला.

पहिले काही दिवस रीता श्वास रोखून धुवायची. शकुनबाईच्या ते लक्षात यायचं, आणि ती दुसरीकडे बघत बसायची. हळूहळू वास गेला. मग रीता धुता धुता बोलायला लागली, कधी वीरेंद्रच्या कारखान्यातल्या पाळीबद्दल, कधी माहेरच्या तळ्यासारख्या बोडीतल्या मासळीबद्दल. घरात एरवी दोघींचं फार बोलणं होत नसे. ते पाय धुवायच्या दगडावर बसूनच व्हायचं.

गोळी मात्र शकुनबाई स्वतः घ्यायची, जेवण झाल्याबरोबर, कधी न चुकता. त्या पावसाळ्यात ताप एकदाच आला, पुढच्यात आलाच नाही. कातडी मऊ झाली, सूज थोडी कमी झाली. भेटेल त्याला ती गोळीचे गुण सांगू लागली. कोंढ्याची गोदावरीबाई तिची रोवणीतली जुनी जोडीदारीण. तिलाही हत्तीपाय होता आणि तीही त्याच अभ्यासात होती. शकुनबाई तिला सांगायची, “गोळी चुकवू नोको वो. माया पाय पाह्य ना.”

अभ्यास संपला, गोळ्या बंद झाल्या. बऱ्याच महिन्यांनी डॉक्टर निकाल सांगायला पुन्हा शाळेत आले. औषध घेणारे आणि साखर घेणारे, दोन्हीकडे फरक सारखाच पडला होता. ज्यांनी नेमानं पाय धुतला, त्यांचा ताप कमी झाला होता. औषधानं त्यात काही भर घातली नव्हती. मग ज्यांना हवं त्यांना एकेक करून बाजूला बोलावून कोणती गोळी होती ते सांगितलं.

शकुनबाईची साखरेची होती.

ती म्हणाली, “म्या साऱ्या गावाले सांगतलं का गोळीनं पाय उतरला. तुमी मले येडी बनवली, साहेब.”

“मलाही गोळीच लागू पडेल असं वाटलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “किती वर्षं त्याच आशेवर काम केलं.”

“मंग वायाच गेलं तुमचं.”

“तसं नाही. दूरदूरचे डॉक्टर आता हा निकाल वाचून राहिलेत. पायासाठी या गोळीची वाट कुणी पाहत बसायचं नाही. साबण-पाण्यानं आजच सुरुवात करता येते, हे आता पुराव्यानं सांगता येतं. तुमच्या पायाचा त्यात वाटा आहे.”

तिला ते पटलं नाही. गावात दोघांतिघांनी साखरेवरून गंमत केली, तेव्हा तिनं दोन दिवस अंगणाबाहेर पाऊल टाकलं नाही. रीतानं रोजच्यासारखी बादली भरून ठेवली. पाय पुढे करत शकुनबाई म्हणाली, “आता कायले? अभ्यास त झाला.”

“पाय त तुमचाच आहे ना, आई,” रीता म्हणाली आणि साबण लावू लागली.

त्याच आठवड्यात कामिनीकडून कळलं की गोदावरीबाईला पुन्हा ताप आला. शकुनबाई बस पकडून कोंढ्याला गेली. गोदावरीबाई एकटीच राहायची. तिची गोळी खरी होती. तिनंही एक गोळी चुकवली नव्हती, पण बोटांच्या फटीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता, आणि धुऊन देणारं घरात कुणी नव्हतं. तिसऱ्या बोटाखाली चीर पडून पू धरला होता.

“तू म्हणे गोळी चुकवू नोको. म्या नाई चुकवली,” ती म्हणाली.

शकुनबाईनं पाणी कोमट केलं, पाटावर बसून मैत्रिणीचा पाय मांडीवर घेतला आणि रीता धुवायची तसा धुतला. फटी टिपताना तिला कळलं की याला किती सावकाश हात लागतो. गोदावरीबाई आधी लाजली, मग रडली, मग म्हणाली, “उद्या येशील?”

उद्या जमलं नाही. पण कामिनीनं आणून दिलेलं तापाचं औषध सुरू झालं, शेजारची एक बाई शिकायला तयार झाली, आणि ती तरबेज होईपर्यंत शकुनबाई कोंढ्याच्या खेपा करत राहिली. पुढच्या पावसाळ्यात गोदावरीबाईचा पाय एकदाच भरला. दोघींचीही सूज पूर्ण गेली नाही, आणि जाणारही नाही. शकुनबाई पुन्हा रोवणीला गेली नाही. शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या जुड्या बांधून देते.

आता आजूबाजूच्या गावांतले लोक पाय दाखवायला आणि कसा धुवायचा ते शिकायला तिच्या घरी येतात. परवा मारोतराव नावाचे एक म्हातारे आले. धोतराखालचा पाय बायांना दाखवायला ते तयार होईनात. शकुनबाई आणि रीता एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. तेव्हा पडवीतून टिकाराम उठला, दोरीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाला, “चाला मारोतराव, मागच्या आंगनात बसू. मले येते.”