इरम्माचा बोगदा

आमच्या ठेसनाखालचा बोगदा कंपनीनं बांधला म्हणून सांगत्यात. सांगू द्या. जिभेला काय हाड असतंय? म्या हरणाबाई, धनगराची. इरम्माच्या आन् माझ्या घराची भिंत एकच. तिच्या चुलीवर काय करपलं तर वास आदी मला यायचा. तवा खरं काय ते माझ्याकडनं ऐका.

इरम्मा अणदूरची लेक. नवरा महांतप्पा, लिंगायतांतला वजनदार गडी. पोटी लेकरू न्हाय. रागावली की कानडीत शिव्या द्यायची, आन् आमाला कळत न्हाय म्हणून दोन जास्तीच्या द्यायची. पण माझ्या बाळंतपणात रात्रंदिस उशाला बसली ती हीच.

तवा निझामाचं राज. गाव लाइनीच्या अल्याड, लिंगायतांची मसणवट पल्याड. रुळावर एक म्हैस गाडीखाली कापली गेली, तसं कंपनीनं दोन्ही अंगाला तारा ठोकल्या आन् शिपाई बसवला. रूळ वलांडला की धरलाच. गावानं लई बोंब मारली, तवा कुठं भरावाखालनं बोगदा द्यायला कबूल झाले.

नारळ फोडायच्या दिवशी साहेबानं इचारलं, "उंची किती ठेवायची?"

महांतप्पा म्हणाले, "डोईवर घागर घेतलेली बाई सरळ जावी, एवढी."

बायांतनं इरम्मा बोलली, "आन् विमान?"

लिंगायत आपल्या माणसाला आडवं नेत न्हाईत. फुलांच्या विमानात बसवून, खांद्यावर नेत्यात, आन् बसवूनच पुरत्यात. हे तिथं पोराटोराला ठावं होतं. पण नारळाच्या येळेला मरणाचं नाव कुणी काढावं?

"शुभ बोल गं!" महांतप्पा डाफरले. "अभद्र कुठली!"

बोगदा घागरीच्या मापानं झाला.

आन् त्यातनं पहिलं गेलं ते महांतप्पांचंच विमान. वरची कमान मोडली, तरी जाईना. मग चौघांनी खांद्यावरनं उतरवून हातात धरलं, वाकून निघाले. मधीच एकाची पाठ भरून आली, तो ताठ झाला, आन् महांतप्पांचं डोसकं वरच्या दगडाला घासलं. कपाळाची इभूत छताला लागली. इरम्मा मागंच होती. तिनं बघितलं. रडली न्हाय. दगडावरल्या त्या पांढऱ्या फराट्याकडं बघत नुसती हुबी राहिली.

महांतप्पांचे दिवस झाल्यावर खोरं आन् पाटी घेऊन ती बोगद्यात गेली आन् खालचा मुरूम उकरायला लागली. छत वर जात न्हाय, तर भुई खाली जाईल! "मला खांद्यावर न्या, ताठ बसवून न्या, आन् त्यांच्या शेजारी ठेवा," एवढंच तिचं मागणं. रोज चार पाट्या. भाऊबंद हसायचे. शिपाई हाकलायचा, ती कानडीत त्याचा उद्धार करायची. तिच्याच भाऊकीतला, तवा नुकतं मिसरूड फुटलेला मल्लिकार्जुन बोगद्यातनं जाताना धोतर वर धरायचा, पाटीला हात लावायचा न्हाय. मेल्यांनो, तुमालाबी त्याच वाटंनं जायचं होतं की!

पहिल्या पावसात घोट्याएवढं पाणी साचलं. बाया तिच्या नावानं बोटं मोडायला लागल्या. माझे मालक, सिदू, तिला म्हणाले, "अव्वा, तुमी खोल नेताय, पाणी तुंबणार बघा."

"पाणी आटतंय सिदू," ती म्हणाली. "माणूस दुसऱ्यांदा मरत न्हाय."

उकरत राहिली. केस पिकले, हात सालपटले. शेवटी एकदा तिनं सिदूच्या खांद्यावर आमच्या पोराला बसवलं, पोराच्या हातात कमानीच्या मापाची कडब्याची पेंढी उभी धरायला दिली आन् म्हणाली, "चला." पेंढी छताला लागली न्हाय. त्या दिवशी इरम्मा जी हसली! मला गूळ आणून खायला घातला.

निझाम जायच्या आदल्या साली, भादव्यात ती गेली. पाऊस उघडायचं नाव न्हाय. विमान सजवलं, कमानीसकट. बोगद्याशी गेलो तर आत छातीएवढं पाणी, गढूळ. तिनंच केलेल्या खोलात साचलेलं. खांदेकरी म्हणाले, पाय घसरला तर विमान पाण्यात जाईल. थांबायचं म्हणलं तर किती थांबायचं? रुळावरनं न्यायचं म्हणलं तर शिपाई आडवा. म्या त्याच्या पाया पडले. "हुकूम न्हाय," म्हणाला. मग त्यांचे जंगम अय्या म्हणाले, "जमीन सगळी शिवाचीच." अल्याड, तळ्याच्या काठाला खड्डा घेतला आन् तिला एकटीला तिथं बसवलं. महांतप्पा पल्याड.

दिवाळीपतुर बोगदा कोरडा ठणठणीत झाला. मार्गशीर्षात मल्लिकार्जुनचं लगीन निघालं. बाशिंग बांधून, घोड्यावर बसून गडी बोगद्यातनं गेला, मान वाकवायची गरज पडली न्हाय. वऱ्हाडातला एक पाव्हणा म्हणाला, "केवढा उंच बोगदा दिलाय हो कंपनीनं!"

म्या वरडले, "कंपनीनं न्हाय, इरम्मानं!"

बाजा वाजत होता. कुणालाच ऐकू गेलं न्हाय.